काळ्या पट्ट्या बोटांना दिसतात

फोनवर पियानोचं एखादं अॅप असेल तर उघडा. आता डोळे मिटा आणि 'पांढरी एक' शोधा. बोट कुठंही ठेवलं तरी हाताला एकच गोष्ट लागते, काच. पट्टी कुठं सुरू होते, कुठं संपते, काळी कुठली, पांढरी कुठली, काही कळत नाही.

हाच खेळ खऱ्या पेटीवर करून बघा. पांढऱ्या पट्ट्या सपाट असतात, काळ्या उंच. काळ्या कधी दोनच्या जोडीनं येतात, कधी तीनच्या गटानं. दोनच्या जोडीला डावीकडून चिकटलेली पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक. तीनच्या गटाला डावीकडून चिकटलेली ती पांढरी चार. एवढं कळलं की डोळे न उघडता अख्खी पेटी हाताखाली येते. गाणाऱ्या मंडळींच्या तोंडी असलेलं 'माझी पट्टी काळी दोन' हे याच मांडणीतून आलेलं. पियानो, हार्मोनियम, ऑर्गन, कॅसिओ, सगळीकडे मांडणी तीच.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात 'अॅक्सेसिबिलिटी' नावाचं एक काम असतं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्यालाही अॅप वापरता यावं यासाठीचं काम. ते यादीत बहुतेक वेळा शेवटी असतं आणि रिलीजची तारीख जवळ आली की सगळ्यात आधी गळतं. लहान मुलांना, त्यातही ज्यांचं दिसणं, ऐकणं, हातपाय किंवा लक्ष वेगळ्या तऱ्हेनं चालतं अशा मुलांना, पट्ट्यांचं वाद्य कसं शिकवत आले याचा इतिहास मी या सवयीनंच वाचायला घेतला. तो जितका पॅरिसचा आणि व्हिएन्नाचा आहे तितकाच आपल्या कृष्णाकाठचाही आहे. आणि त्याच्या मध्यभागी एक मुलगा आहे.

कुरुंदवाडचा विष्णू

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात येतं, पण सांगली-मिरज हाकेच्या अंतरावर आणि नृसिंहवाडी तर शेजारीच. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चाललं होतं आणि एक फटाका लहानग्या विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. त्यात दृष्टी कायमची अधू झाली.

तेव्हा अशा मुलासाठी काय सोय होती? भारतातली पहिली अंधशाळा अमृतसरला १८८७ मध्ये निघाली, तेव्हा विष्णू पंधरा वर्षांचा होता. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली ती १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत. म्हणजे विष्णूच्या लहानपणी आसपास काहीच नव्हतं. ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्याचं शिक्षण संपलं, असाच सगळा हिशोब होता.

उपचारासाठी मुलाला मिरजेला नेलं. डोळे काही सुधारले नाहीत, पण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन वासुदेवबुवा जोशांकडून ख्याल शिकून आलेला आणि ती गायकी महाराष्ट्रात रुजवणारा हा माणूस. विष्णू त्यांच्याकडे राहून शिकू लागला.

बाळकृष्णबुवांनी या मुलासाठी वेगळी पद्धत काढावी लागली नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं ऐकायचं, तसंच म्हणायचं, चुकलं तर पुन्हा. फळा नाही, पुस्तक नाही, वही नाही. दिसणारा आणि न दिसणारा शिष्य एकाच रेषेवर उभे. गुरुमुखी विद्या मुद्दाम अंध मुलांसाठी घडवलेली नव्हती, तरीही त्यांच्यासाठी तिचं दार उघडं होतं.

अर्थात ते दार इतर अनेकांना बंद होतं. गुरुगृही वर्षानुवर्षं राहणं, सेवा करणं, गुरूची मर्जी राखणं हे कुणाला परवडणार? चांगल्या घरातल्या मुलींनी गाणं शिकणं तर लोकांना खपतच नव्हतं. ज्याला मोठा गवई व्हायचं नाही, नुसतं दोन रागांपुरतं गाणं हवंय, अशा मुलाला या पद्धतीत जागाच नव्हती.

शाळा आली, वही आली

१८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. औंध, सातारा करत ते पुढे बडोदे, ग्वाल्हेर असे फिरत फिरत उत्तरेत गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. १९०८ मध्ये मुंबईत. एखाद्या शाळेसारखं संगीताचं विद्यालय. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, मुलींनाही प्रवेश. शिक्षक तयार करण्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली, पण तोवर शिष्य गावोगाव पोचले होते. विष्णुबुवा २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या गल्लीतला एखादा मुलगा हार्मोनियमची 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका' देतो, तो याच साखळीतल्या परीक्षेला बसतो.

या विद्यालयासाठी विष्णुबुवांनी पुस्तकं लिहिली, छापली. त्यात 'संगीत बालप्रकाश'सारखी लहान मुलांसाठीची पुस्तकं होती. आणि ती छापता यावीत म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली.

ज्याला स्वतःला पान नीट दिसत नव्हतं त्या माणसानं देशातल्या मुलांसाठी गाणं पानावर आणलं. मला यात विष्णुबुवांचा मोठेपणाही दिसतो आणि एक पेचही.

त्यांची लिपी जवळून बघा. अक्षरावर टिंब असेल तर तो स्वर मंद्र सप्तकातला. अक्षरावर उभी रेघ असेल तर तार सप्तकातला. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण. स्वराखाली मात्रेची चिन्हं: पूर्ण मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोरीसारखी खूण. त्याच काळात भातखंड्यांनी दुसरी लिपी रूढ केली. तिच्यात टिंब खाली असेल तर मंद्र, वर असेल तर तार, आणि 'म'वरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे अक्षरावरचं तेच टिंब एका पुस्तकात खालचा स्वर सांगतं आणि दुसऱ्यात वरचा. चांगली नजर असलेलं मूलही इथं गोंधळतं. ज्याला कमी दिसतं त्याला ते टिंब दिसतच नाही.

फोनमध्ये परिस्थिती सुधारली असेल असं वाटतं. पण बंदिशींची नोटेशनं बहुतेक ठिकाणी स्कॅन केलेली चित्रं म्हणूनच फिरतात. फोनमधलं टॉकबॅक त्या चित्रापाशी येतं, पण त्यातली स्वरलिपी नीट वाचून दाखवत नाही. कुणी ती टाइप केलीच तर 'सा रे ग' वाचून दाखवलं जातं, पण वरचं टिंब आणि खालची कोर गळून पडते. सप्तक गेलं, मात्रा गेली. राहिलं ते गाणं नव्हे, नुसती बाराखडी.

शाळेनं घराण्याचा दरवाजा हजारो मुलांसाठी उघडला. त्याच वेळी पानावर भर आल्यामुळे विष्णूसारख्या मुलापुढे एक नवा उंबरठा उभा राहिला. ही पलुस्करांची चूक म्हणता येणार नाही. छापील पान हे त्या काळातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दूर पोचणारं साधन होतं. पण पेच आपल्याकडे वारशानं आला आहे, आणि तो सोडवायचं काम आता आपलं आहे.

पियानोमुळे निघालेली शाळा

युरोपात हा पेच आधीच आला होता आणि तिथं तो सुटला त्यात पियानोचा हात होता.

व्हिएन्नामध्ये १७५९ साली मारिया थेरेसिया फॉन पाराडिस जन्मली. अगदी लहानपणी तिची दृष्टी गेली. ती पियानो वाजवायची, गायची, पुढे संगीतरचनाही करू लागली. तिला पत्रं लिहिता यावीत म्हणून केम्पेलेन नावाच्या यंत्रकारानं हातानं अक्षरं उमटवणारं यंत्र बनवून दिलं. १७८४ मध्ये ती कार्यक्रमांसाठी पॅरिसला गेली. तिथं तिची गाठ व्हॅलेन्तिन आय या गृहस्थाशी पडली. अंध मुलांना शिकवता येईल असं त्याला वाटत होतंच, आणि समोर शिकलेली मुलगी उभी होती. त्यानंतर लवकरच पॅरिसमध्ये जगातली पहिली अंधशाळा सुरू झाली. पाराडिसनं स्वतःही १८०८ मध्ये व्हिएन्नात मुलींसाठी संगीतशाळा काढली.

पॅरिसच्या त्या शाळेत १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. वडिलांच्या कारखान्यात आरीनं खेळताना तिसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्याला इजा झाली होती. अपघात विष्णूसारखाच. फरक एवढाच की लुईला जायला शाळा होती. तो पुढे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८२९ मध्ये त्यानं सहा ठिपक्यांची लिपी छापली, तेव्हा त्या पुस्तकात अक्षरांच्या जोडीला संगीतासाठीची पद्धतही होती. ब्रेल संगीतलिपीत वरचे चार ठिपके कोणता स्वर ते सांगतात आणि खालचे दोन तो किती लांब ते सांगतात. आपल्याकडे पलुस्करांनी स्वर आणि मात्रा एकाखाली एक लिहिल्या, ब्रेलनं त्या सहा ठिपक्यांच्या एकाच घरात बसवल्या.

या लिपीची एक अडचण आहे. वाचायला हात लागतो आणि वाजवायलाही हातच लागतो. त्यामुळे अंध पियानोवादक एका हातानं वाचतो, दुसऱ्या हातानं वाजवून बघतो, मग हात बदलतो आणि शेवटी सगळं पाठ करून वाजवतो. आपल्याला यात नवल वाटू नये. आपलं गाणं तर पाठच असतं. ब्रेलमध्ये लिहिलेली बंदिश आणि गुरूकडून ऐकलेली बंदिश शेवटी एकाच ठिकाणी जाऊन बसतात.

पेटी येते

हार्मोनियमचं पेटंटही पॅरिसचंच, १८४२ मधलं, अलेक्झांद्र दबँ याच्या नावावर. ती पायानं भाता मारायची, टेबलाएवढी पेटी होती. मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं छोटं रूप दिलं: मागं हातभाता, पुढं पट्ट्या. आपल्याकडे तिला नुसतं 'पेटी' हेच नाव पडलं.

सांगली ही नाटकवाल्यांची पंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथंच केलं. पुढच्या काळात संगीत नाटकांनी पेटी आणि ऑर्गन घराघरांत ओळखीचे केले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असायचा. पियानो मात्र इथं श्रीमंतांच्या दिवाणखान्यापलीकडे फारसा आला नाही. म्हणून सातारा-सांगलीकडच्या मुलांना पट्ट्यांचं वाद्य भेटतं ते पेटीच्या रूपात, आणि हल्ली इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या.

या पेटीवर जाणकारांनी टीकाही पुष्कळ केली. तिचे स्वर ठोकून बसवलेले. मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे निघत नाहीत. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. आक्षेप संगीताच्या अंगानं खरे आहेत. पण चार वर्षांच्या मुलाच्या बाजूनं बघा. तंबोरा जुळवावा लागतो. व्हायोलिनवर बोट केसभर सरकलं तर स्वर बेसूर. बासरीतून पहिला आवाज निघायलाच आठवडे जातात. पेटीची पट्टी दाबली की स्वर येतो, आणि आज आला तोच उद्या येतो. ज्या मुलाला बदल सहन होत नाही, ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना होत नाही, त्याच्यासाठी ही खात्री फार मोलाची असते. जाणकारांनी दाखवलेला दोष शिशुवर्गात गुण ठरतो.

पेटी बोटांनी ओळखता येते याचा पुरावा आपण सगळ्यांनी ऐकला आहे. 'चितचोर'ची गाणी देणारे, दूरदर्शनवरच्या 'रामायण'चे संगीतकार रवींद्र जैन जन्मांध होते आणि पेटी हे त्यांचं वाद्य होतं.

भाता कुणी मारायचा?

पण पेटीही सगळ्यांची नाही. तिला दोन हात लागतात, आणि दोन्ही हातांची कामं वेगळी. डावा हात भाता सांभाळतो, उजवा पट्ट्यांवर. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलाचा एक हात नीट चालत नाही, त्याला एकट्यानं पेटी वाजवता येत नाही. त्याच मुलापुढे पियानो किंवा कीबोर्ड ठेवा, एका हाताचं वादन लगेच सुरू होतं. ऑर्गनमध्ये भाता पायाकडे असतो, त्यामुळे हात मोकळे राहतात, पण ज्याचे पाय चालत नाहीत त्याचं काय? मूल तेच आहे. वाद्य बदललं की त्याचं अपंगत्व कमी होतं किंवा वाढतं. म्हणून शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी मुलाचं निदान विचारण्याआधी त्याचे हात बघावेत.

किती तरी उपाय बिनखर्चाचे आहेत. भाता आईनं किंवा बहिणीनं मारायचा आणि मुलानं फक्त पट्ट्या. जोडीनं वाजवायची पेटी. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची बोटं बहुधा आखूड आणि स्नायू सैल असतात. त्यांना पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवायचा आग्रह न धरता दोन बोटांनी वाजणाऱ्या ओळी द्यायच्या. पियानोवर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर. ती तीन वर्षांच्या कुठल्याच मुलाच्या हातात मावत नाही, मग त्याची तपासणी झालेली असो वा नसो. पट्ट्यांपुढे प्रत्येक लहान मूल थोडंफार अडतंच.

ज्याला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी आवाज अंगाला लागू द्यायचा. पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला की खर्जाची थरथर जाणवते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बनणारा तंबोरा तर या कामासाठी फारच चांगला. भोपळ्याला गाल किंवा हात टेकवून तार छेडली की स्वर हाडापर्यंत येतो. उलट ज्याला आवाजाचा त्रास होतो त्याच्यासाठी कीबोर्डचा आवाज खाली करता येतो, पेटीचा तितका करता येत नाही.

जपानच्या शिनिची सुझुकींनी विसाव्या शतकात एक साधं निरीक्षण मांडलं. जपानी मुलं जपानी बोलायला शिकतात ती ऐकून, वाचून नव्हे. मग संगीत तसंच का शिकवू नये? आधी कान, आई-बाप सोबत, छोट्या छोट्या तुकड्यांची पुनरावृत्ती, वाचन नंतर. व्हायोलिनपासून सुरू झालेली ही पद्धत पियानोलाही लागू झाली आणि जगभर गेली. आपल्याकडचे पालक आता तिच्यासाठी पुण्या-मुंबईत पैसे मोजतात. मिरजेत बाळकृष्णबुवांच्या घरी साधारण हेच चालत होतं.

दार कुणासाठी

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत. मूल शिकण्यालायक आहे का, असं या परंपरेनं विचारलं नाही. शाळा त्याला घेण्यालायक आहे का, असं विचारलं. संगीताच्या क्लासला हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही. 'तुमच्या मुलाला जमणार नाही' हे वाक्य क्लासच्या दारात फार सहज म्हटलं जातं, बऱ्याचदा प्रेमानं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कला दिव्यांगांना उपलब्ध करून देणं हेही त्यात लिहिलेलं आहे. कायदा झाला, पण कायद्याला भाता मारता येत नाही. ते काम गल्लीतल्या पेटीच्या मास्तरांचं, बाईंचं आणि आपल्यासारख्यांचं.

आपल्यासारख्यांचं म्हणजे काय? बंदिश शेअर करताना नोटेशनचा फोटो टाकतो त्याबरोबर ती सावकाश म्हणून, हातानं टाळी देत केलेलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंगही टाकता येतं. नोटेशन टाइप करताना टिंबाऐवजी 'मंद्र नी', 'तार सा' असं शब्दात लिहिता येतं. थोडं लांबतं, पण टॉकबॅक ते पूर्ण वाचतं. अॅप बनवणाऱ्यांना पट्टी बदलली की फोनला हलकासा धक्का देता येतो, आणि काळ्या पट्ट्यांना वेगळा. चार ओळींचं काम आहे, मी खात्रीनं सांगतो. भारती ब्रेल १९५१ पासून आहे आणि तिच्यात 'सा रे ग म' लिहिता येतात. सप्तक आणि मात्रा लिहायची पद्धत शिकवणाऱ्यानं आणि शिकणाऱ्यानं आधी पक्की करून घ्यायची.

विष्णुबुवांनी एका आयुष्यात गाणं घराण्यातून शाळेत आणलं. त्यासाठी त्यांनी गुरूकडून जसं मिळालं तसंच पुढे दिलं नाही. नवी लिपी केली, पुस्तकं केली, परीक्षा केल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांची चिन्हं जशीच्या तशी जपली तर ते अर्धंच काम होईल. येत्या सत्रात तुमच्या ओळखीच्या क्लासमध्ये नवे प्रवेश सुरू होतील तेव्हा एवढंच विचारा: इथं न दिसणारं, एका हाताचं, किंवा जागेवर न बसणारं मूल आलं, तर पहिल्या दिवशी त्याला काय वाजवायला द्याल? उत्तर तयार नसेल तर मास्तरांबरोबर बसून ते शोधा. पेटी समोर असतेच.